परत फिरण्याचा तास

रात्रभर पाऊस पडून गेला होता. सकाळी वीसेक मुलं ओल्या गवतात उकिडवी बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात काडेपेटीतल्या मोजून तीन काड्या होत्या. तीन काड्यांत जाळ करायचा आणि त्यावर पेलाभर पाणी उकळून दाखवायचं, एवढंच काम. बहुतेकांनी पाच मिनिटांत तिन्ही काड्या ओढून संपवल्या. काटक्या त्यांनी जमिनीवरच्या उचललेल्या. वरून सुक्या, आतून भिजलेल्या. पाला धुमसला, डोळ्यांत पाणी आलं, खेळ खलास. एका मुलीच्याही दोन काड्या अशाच गेल्या. मग ती थांबली. तिसरी काडी तिनं रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि उठून झाडांकडे गेली. खाली पडलेल्या काटक्यांना तिनं आता हात लावला नाही. झाडावरच वाळून अडकून राहिलेल्या बारीक फांद्या ती एकेक वाकवून बघत होती. लवली की सोडून द्यायची, कट्कन मोडली की घ्यायची. परत येऊन तिनं त्यांचे ढीग लावले: काडीएवढ्या जाडीच्या, पेन्सिलीएवढ्या, अंगठ्याएवढ्या. जाळाखाली ओली जमीन येऊ नये म्हणून सालपटांची बैठक केली. तेवढ्यात वेळ संपली.

तिचं पाणी उकळलंच नाही. तिसरी काडी खिशातच राहिली. शिबिराच्या गुणतक्त्यात तिच्या नावापुढे शून्य पडलं आणि ज्याच्या बाजूला वारा जरा बरा होता त्या एका मुलाला शाबासकी मिळाली. मी पाहुणा म्हणून गेलो होतो, मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. पण ते शून्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

रानात तग धरायचं शिक्षण शाळेत असावं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम ‘हो’ असं आहे. मात्र आज त्या नावानं जे विकलं जातं ते मला नको आहे. रानात मुलांना शिकवायची मुख्य गोष्ट म्हणजे थांबणं आणि वेळेत परत फिरणं. जाळ, निवारा, नकाशा, दोराच्या गाठी ही सगळी तिथवर नेणारी साधनं. आणि हे शिक्षण वर्षातून एकदा बसनं लांब नेऊन देता येत नाही. गणिताच्या तासासारखा त्याचा तास लागतो, तोही जवळच्याच झाडाझुडपांत, त्याच त्या जागी, वर्षानुवर्षं.

पडद्यावरच्या वीरांनी या विषयाचं बरंच नुकसान केलं आहे. कमरेला सुरी, तोंडात वळवळणारा किडा, कड्यावरून खालच्या डोहात उडी. मागे कॅमेरा धरलेली माणसं उभी आहेत आणि त्यांच्याकडे जेवणाचे डबे आहेत, हे मुलांना कोण सांगणार? या खेळात रान हा शत्रू असतो आणि माणूस त्याच्यावर मात करतो. प्रत्यक्षात रानात जीव जातो तो फार रटाळ कारणांनी: ओले कपडे, वारा, निसटलेला पाय, न जोखलेलं पाणी, अंधार पडल्यावरही चालत राहणं. या विषयातली माणसं तीनचा एक आडाखा सांगतात. हवेशिवाय तीन मिनिटं, कडाक्याच्या थंडीवाऱ्यात आडोशाशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे. आकडे ढोबळ आहेत, पण क्रम खरा आहे. अन्न सगळ्यांत शेवटी येतं. तरी कुठल्याही शिबिराचं पत्रक उघडून बघा, सापळे लावणं आणि रानातलं खाणं ओळखणं हेच ठळक अक्षरात असतं.

रानातल्या खाण्याबद्दल तर मी जरा कडकच बोलेन. दोन दिवसांच्या शिबिरात अळंबी ओळखायला शिकवणं हा गुन्हा मानला पाहिजे. ‘डेथ कॅप’ या नावानं ओळखली जाणारी अळंबी खाल्ल्यावर सहा-सहा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मग माणसाला बरं वाटायला लागतं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळातच यकृत निकामी होत असतं. शिजवून तिचं विष जात नाही. खाण्यालायक अळंब्यांशी तिचं इतकं साम्य आहे की जाणते लोकही फसलेले आहेत. भुकेला माणूस आठवडाभर सहज टिकतो. त्याला अर्धवट ज्ञान देऊन मारायचं कशाला?

उलट ओलीबद्दल किती बोललं जातं? पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. भिजलेला सुती सदरा अंगाला चिकटला आणि वर वारा सुटला, की हिमालयाएवढी थंडी नसतानाही शरीराचं तापमान घसरायला लागतं. ते ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो आणि त्याची पहिली चोरी असते ती सारासार विचाराची. बोटं बधिर होतात, चेन लावता येत नाही, बोलणं अडखळतं, आणि माणूस हट्टानं म्हणतो, मी ठीक आहे, चला पुढे. स्वतःला कळत नाही म्हणून शेजाऱ्यानं ओळखायचं असतं. दहा वर्षांच्या दोन मुलांना एकमेकांच्या बोटांकडे बघायला शिकवा. यात बघणाऱ्याला दाखवण्यासारखं काही नाही, फोटोही चांगला येत नाही, पण माझ्या मते हा अख्ख्या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा धडा आहे.

चकवा हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. तासन् तास चालून माणूस पुन्हा त्याच झाडापाशी येतो आणि भुताखेतावर आळ घेतो. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी हा चकवा मोजला. लोकांना एका सपाट, घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगितलं आणि उपग्रहाच्या मदतीनं त्यांची वाट नोंदवली. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले आणि जंगलातली माणसं गोल फिरू लागली, स्वतःची वाट स्वतःच ओलांडू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधून चालणारे तर कधी कधी वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात घुमत राहिले. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं हा जुना समजही त्यात टिकला नाही. बाहेरची खूण दिसेनाशी झाली की आतली दिशा हळूहळू वाहवत जाते, इतकंच.

म्हणजे वाट चुकल्यावर ‘माझ्या अंदाजानं इकडेच असणार’ हे वाक्य सर्वांत धोक्याचं. १९८१ साली कॅलिफोर्नियात डोंगरात हरवलेला एक नऊ वर्षांचा मुलगा चार दिवसांच्या शोधानंतर मृत सापडला. त्याला शोधणाऱ्यांतल्याच काहींनी मग मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्याचं नावच ‘झाडाला मिठी मार’ असं आहे. हरवलास हे कळलं की जवळचं एक झाड निवड, त्याच्याशी बोल हवं तर, पण तिथून हलू नकोस. मूल चालत राहिलं की शोधायचं क्षेत्र दर तासाला फुगत जातं. मूल थांबलं की शोधणाऱ्यांचं काम आटोक्यात येतं. ऐकायला सोपं वाटतं. पण मी स्वतः एकदा, चाळिशी उलटल्यावर, धुक्यात वाट चुकून पाऊण तास नुसता चालत होतो. थांबायला हवं हे मला माहीत होतं. पायांना माहीत नव्हतं. घाबरलेलं शरीर चालूच लागतं. ते थांबावं यासाठी त्याला थांबायची सवय लागते, आणि सवय लावायची म्हणजे सुरक्षित जागी, ओळखीच्या रानात, दहा मिनिटं एकट्यानं बसायचं. मग अर्धा तास. मग संध्याकाळी.

इथे कुणी मला युलियाने कोप्केची आठवण करून देईल. १९७१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पेरूच्या जंगलावर विजेनं विमान मोडलं. विमानातल्या ९२ जणांपैकी ही सतरा वर्षांची मुलगी एकटी वाचली. खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत ती सुमारे तीन किलोमीटर खाली पडली होती, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ती एका जागी बसून राहिली नाही. ओहोळ शोधला, त्याच्या कडेनं आणि पाण्यातून खाली खाली चालत गेली आणि अकराव्या दिवशी माणसांत पोचली. मग थांबण्याचा नियम कुठे गेला? तर ती काही शिबिरातून नियम पाठ करून आलेली नव्हती. आईवडील प्राणिशास्त्रज्ञ, जंगलातल्या संशोधन केंद्रात तिचं राहणं झालेलं. पाणी अखेर माणसांपाशी नेतं हे वडिलांनी सांगितलेलं तिला आठवत होतं. उथळ पाण्यात काटेरी शेपटीचे मासे गाळात दबा धरतात म्हणून पुढे काठी टोचत जायचं हे ठाऊक होतं. दंडाच्या जखमेत अळ्या झाल्या तेव्हा घरच्या कुत्र्याच्या जखमेवर वडिलांनी काय ओतलं होतं ते आठवून तिनं एका होडीतलं पेट्रोल त्यावर ओतलं. घनदाट पानांमुळे वरून तिला कुणी बघू शकत नव्हतं, हेही तिच्या लक्षात आलं होतं. नियम कधी मोडायचा हे ज्याला कळतं त्यानंच मोडावा. बाकीच्यांनी झाड धरून बसावं.

२०२३ साली कोलंबियातल्या अॅमेझॉन जंगलात असंच घडलं. १ मे रोजी छोटं विमान पडलं, आई आणि बाकीची मोठी माणसं गेली, चार भावंडं उरली. सर्वांत मोठी बहीण १३ वर्षांची, सर्वांत धाकटं बाळ वर्षाचंही नव्हतं. ९ जूनला, चाळीस दिवसांनी, चौघंही जिवंत सापडली. ती हुइतोतो या आदिवासी समाजातली मुलं होती. विमानातलं कसावा या कंदाचं पीठ त्यांनी पुरवून पुरवून खाल्लं, ते संपल्यावर ओळखीची फळं आणि बिया खाल्ल्या. शोधात सैनिक होते तसेच त्या जंगलातले आदिवासी स्वयंसेवकही होते. मुलं जगली ती आजीनं आणि घरच्यांनी लहानपणापासून कानावर घातलेल्या ज्ञानावर.

इथे मला एक अवघड गोष्ट मांडायची आहे. जगभर शाळांनी रानातल्या मुलांना आधी त्यांचं रान विसरायला लावलं. झाडांची शंभर नावं सांगणाऱ्या मुलाला अक्षरं लिहिता येत नाहीत म्हणून मागास ठरवलं. त्याच्या आजीला अडाणी म्हटलं. आणि आता शहरातली मुलं शनिवार-रविवारच्या वर्गात पैसे भरून त्याच ज्ञानाची पातळ केलेली आवृत्ती शिकतात, शिकवणाऱ्याच्या अंगावर भारी जाकीट असतं आणि भिंतीवर प्रमाणपत्रं. शाळेनं हा विषय खरंच घ्यायचा ठरवला, तर शिकवणारे कोण असतील हा पहिला प्रश्न असला पाहिजे. जिथे अशी माणसं शिल्लक आहेत तिथे त्यांना पाहुणे म्हणून वर्षातून एकदा बोलावून हार घालू नका. त्यांना शिक्षकाचा पगार द्या.

हे ज्ञान टिकतं कसं, याचं सिमेउलुए बेटापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही. सुमात्राजवळच्या या बेटावर १९०७ मध्ये त्सुनामीनं हाहाकार केला. वाचलेल्यांनी त्सुनामीसाठीचा आपला ‘स्मोंग’ हा शब्द गोष्टींत, अंगाईगीतांत गुंफून ठेवला: जमीन जोरात हलली, समुद्र मागे गेला, की काही न घेता डोंगरावर पळ. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असलेल्या या बेटावर लाट काही मिनिटांतच आली. सुमारे ७८ हजार वस्तीत सात जण दगावले. त्याच दिवशी थायलंडच्या एका किनाऱ्यावर दहा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीनं पाणी फेसाळताना पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ते शिकवलेलं तिला आठवलं. तिनं आरडाओरडा केला आणि किनारा रिकामा झाला. अंगाई असो की भूगोलाचा तास, दोन्हींत कुणीतरी आधी, निवांत वेळी, काय बघायचं ते सांगून ठेवलं होतं. आणि दोन्ही ठिकाणी जीव वाचले ते मागे फिरून.

आता या शिक्षणाच्या संस्थांकडे वळतो, कारण तिथेच गोंधळ आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर श्रीमंत आणि कामगार अशा दोन्ही घरांतल्या सुमारे वीस मुलांचं शिबिर भरवलं. त्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली. बेडन-पॉवेल लष्करातले, तेव्हा शिट्टी, रांगा, गणवेश त्यात आलेच. १९४१ मध्ये वेल्समधल्या अॅबरडोव्ही इथे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीनं आउटवर्ड बाउंड या साहस-शिक्षणाच्या संस्थेची पहिली शाळा काढली. होल्ट यांची तक्रार अशी होती की बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी जुन्या खलाशांच्या आधी हातपाय गाळतात. म्हणून महिनाभराचा समुद्र-डोंगराचा अभ्यासक्रम. कल्पना जबरदस्त होती. पण तिथूनच ‘चारित्र्य घडवणं’ हा शब्द या धंद्याला चिकटला तो आजतागायत. दोर चढून जाणाऱ्या मुलाचं चारित्र्य घडतं यावर माझा फारसा विश्वास नाही. दोर चढायला येतो, एवढं नक्की.

मला जास्त पटतात ते पॉल पेट्झोल्ट. १९३८ साली केटू शिखराच्या मोहिमेत असलेला हा गिर्यारोहक. माणसांना रानात घेऊन जाणारे नेतेच नीट तयार झालेले नसतात असं त्यांच्या ध्यानात आलं आणि १९६५ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये असे नेते घडवणारी नोल्स ही शाळा सुरू केली. त्यांचा भर निर्णयावर होता. ढग बघितलास, चाल मंदावलेली बघितलीस, आता काय करणार? याला एक उत्तर नसतं आणि म्हणूनच ते शिकवावं लागतं.

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरांत बरेच बळी गेले, त्यानंतर ते देशभर घराघरांत पोचले. त्यातला आठवा नियम सांगतो: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. सगळ्या देशानं मिळून ‘लाज नाही’ असं ठरवावं लागलं, यातच कळतं की लाज किती असते.

धोक्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. १९९३ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या लाइम बे इथे कायाकमधून समुद्रात नेलेल्या शाळकरी मुलांपैकी चौघं मेली. त्यानंतर १९९५ मध्ये तिथे अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा झाला. २००८ च्या एप्रिलमध्ये न्यूझीलंडमध्ये मांगातेपोपो घळीत पावसानं नदी फुगली आणि सहा विद्यार्थी व एक शिक्षक वाहून गेले. ज्यांचं मूल गेलं त्यांना ‘जोखीम हवीच’ हे वाक्य कुठल्या तोंडानं सांगणार? मी सांगणार नाही. पण या घटना बाहेर जाण्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरल्या जातात तेव्हा मला थांबवावंसं वाटतं. आखलेला कार्यक्रम, भरलेले पैसे, वर्षातला एकच दिवस, आणि वर भरून आलेलं आभाळ, अशा कात्रीत सापडलेला कुठलाही प्रशिक्षक ‘जाऊ या, काही होत नाही’ म्हणायला तयार होतो. पुढच्या मंगळवारी पुन्हा यायचंच आहे, हे ज्याला माहीत असतं तो सहज म्हणतो, आज नको. वारंवार जाण्यानं धोका वाढतो असं वाटतं खरं. पण परत फिरणं स्वस्त होतं ते वारंवार जाण्यानंच.

फोन आहे की खिशात, असंही म्हटलं जातं. असू दे. मी तो भरून, पिशवीत बांधून नेतो आणि उपग्रहाशी बोलणारं यंत्र परवडत असेल तर तेही न्यावं. पण थंडीत बॅटरी मान टाकते, ओल्या बोटांना पडदा जुमानत नाही, आणि नकाशावरचा निळा ठिपका पुढे कडा आहे हे सांगत नाही. लंडनमध्ये केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः वाट काढणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा वाटा लक्षात ठेवणारा भाग नव्या रस्त्यावर वळताना जागा होत होता, यंत्राच्या सूचनेनं चालणाऱ्यांचा होत नव्हता. उत्तर कॅनडातल्या इग्लूलिकचे जुने इनुइट शिकारी धुक्यात वाऱ्यानं पडलेल्या बर्फाच्या वळ्या पायानं चाचपून दिशा धरतात. तिथेही आता जीपीएस आलं आहे आणि त्याचा फायदाही झाला आहे. काळजी आहे ती वळ्या वाचणारा पाय उद्या कुणाकडे उरणार याची.

अभ्यासक्रमात जागा नाही ही तक्रार मात्र मी फार मनावर घेत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये दिलेला हिशेब बघा: सपाटीवर ताशी तीन मैल, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना एक तास जादा. ढोबळमानानं पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक. नऊ किलोमीटरची, सातशे मीटर चढाची वाट आहे, सूर्य सव्वासहाला मावळतो, तर किती वाजता मागे वळायचं? हे गणित फळ्यावर चुकलं तर लाल रेघ पडते, डोंगरावर चुकलं तर अंधार पडतो. नकाशावरच्या समोच्च रेषा भूगोलाच्या वहीत पाठ होतात आणि विसरतात. पण रेषा एकमेकींना चिकटल्या की पोटऱ्या भरून येतात हे एकदा अंगानं कळलं की विसरत नाही. पाणी किती वेळ उकळायचं? खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन. का? उंचीवर उकळबिंदू उतरतो. विज्ञानाच्या शिक्षकांना यापेक्षा वेगळं काय हवं आहे?

डोळ्यांचंही एक कारण दिलं जातं. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये शाळेत रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर घालवणाऱ्या मुलांत तीन वर्षांत लघुदृष्टी, म्हणजे लांबचं अंधुक दिसणं, येण्याचं प्रमाण ३०.४ टक्के राहिलं, इतरांत ते ३९.५ होतं. हा अभ्यास चांगला आहे. तरी चष्मा टळावा म्हणून रानात जा, हा युक्तिवाद मला औषधाच्या गोळीवर साखर लावल्यासारखा वाटतो.

एक आक्षेप मात्र मला गप्प करतो. वीस मुलं एका रानात दर आठवड्याला गेली तर त्या रानाचं काय? निवारा बांधायला शिकवायचं म्हणून हिरव्या फांद्या तोडायच्या, जाळ शिकवायचा म्हणून जमीन भाजायची, आणि वर निसर्गप्रेमाच्या घोषणा. मी स्वतः अशा एका निवाऱ्याच्या जागी दोन वर्षांनी गेलो होतो. सोललेली चार खोडं तशीच वाळून उभी होती. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ताडपत्री आणि दोर वापरून निवारा शिकवता येतो. जाळ एकाच ठरलेल्या जागी, पत्र्याच्या थाळीत करता येतो. फक्त पडलेलं किंवा मेलेलंच घ्यायचं, आणि निघताना आपण आलो होतो हे कुणाला कळू नये, हा नियम लावता येतो. तरी एकच जागा वर्षानुवर्षं वापरायची म्हणजे ती थोडी झिजणारच. मला वाटतं, ती झीज मुलांनी डोळ्यांनी बघावी. दर महिन्याला तीच पायवाट रुंद होताना दिसली की कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून माझी मागणी मोठ्या शिबिरांच्या अनुदानाची नाही. आठवड्याला दोन तास, चालत जाता येईल अशी जागा, दहा-बारा मुलांमागे एक जाणता माणूस, आणि मुलीला किंवा पायानं अधू असलेल्या मुलाला मागे ठेवायचं नाही ही अट. पहिलं वर्षभर नुसतं बसणं, शिट्टी, कपडे, आभाळ. नकाशा नंतर. सुरी त्याच्याही नंतर. आणि गुणतक्ता ठेवायचाच असेल तर त्यात एक रकाना असा असू दे, की या मुलानं कधी, कुठे आणि का थांबायचं ठरवलं.

अशीच एक सहल मी परत येताना पाहिली आहे. शिखर वीस मिनिटांवर होतं, ढग खाली आला आणि शिक्षकांनी मुलांनाच विचारलं. मुलांनी वाद घातला, दोघं रुसली, एकानं घड्याळ आणि नकाशा पुढे केला, आणि सगळे खाली आले. फाटकाशी पालक उभे होते. एका वडिलांनी मुलाला विचारलं, “म्हणजे वर गेलाच नाहीत?”

“नाही,” तो म्हणाला, आणि खाली बसून बुटातलं पाणी ओतायला लागला.